रबर जातं कुठे

१० जानेवारी

ताई,

पत्र पाहून दचकू नकोस, हातपाय शाबूत आहेत. फोनच करणार होतो, पण शेडमधला फोन कारकुनाच्या टेबलावर असतो आणि तो असे कान टवकारून बसतो, जणू त्याच्याच लग्नाची बोलणी चाललीयत. शिवाय फोनवर तू नुसतं "हं" म्हणतेस ना, त्या एका "हं"ने माझं अर्धं बोलणं घशातच राहतं. कागद बरा. कागद "हं" म्हणत नाही.

बातमी अशी की मला जहाजावर घेतायत! शेडच्या उस्तादांनी स्वतः माझं नाव दिलं. दोन वर्षं या शेडमध्ये बसून तारेचे दोर गुंफतोय, बोटांची चाळण झाली. दोर जहाजावर चढतात नि निघून जातात, मी आपला इथेच. आता मीपण चढणार. सलग आठ महिने नुसतं पाणी. तुला माहीतच आहे, मला एका खोलीत दोन महिने काढले तरी भिंती अंगावर येतात.

खोडा एकच. २० एप्रिलला कंपनीचा डॉक्टर तपासणार आणि तोंडात दातांच्या तारा दिसल्या की नाव कट. कारकून म्हणतो, भर समुद्रात तार तुटून गालात घुसली तर कोण काढणार, कप्तान? आणि हसतो.

तुझ्या दातांच्या मॅडम म्हणाल्या होत्या अजून चौदा महिने. चौदा महिन्यांत जहाज जगाला दोन फेऱ्या मारून येईल. तू सहा वर्षं मॅडमच्या शेजारी ट्रे धरून उभी राहतेस, दात पळवायची काहीतरी युक्ती तुला माहीत असणारच. इथे एकजण सांगत होता की थरथरणारं यंत्र मिळतं, ते दातात धरलं की दात धावत सुटतात. खरं का? विचार आणि लगेच कळव. तारा तूच माझ्या मागे लागून बसवल्यास, आता तूच काढ.

आईला जहाजाचं सांगू नकोस. आधी तपासणी होऊ दे.

तुझा
भिंगरी

१८ जानेवारी

भिंगरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा आनंदाने आणि एकदा एप्रिलपर्यंतचे दिवस मोजत. तुझे दाजी म्हणाले, जाऊ दे त्याला, नाहीतरी इथे असला की घरभर फिरून फरशी झिजवतो.

काल दवाखाना बंद करताना मॅडमकडे विषय काढला. थरथरणारं यंत्र खरंच असतं. रोज वीस मिनिटं चावून धरायचं. मॅडमनी दोघांना देऊन पाहिलं. एकाचे दात होते तिथेच, आणि दुसरीच्या आईने सांगितलं की मुलगी ते तोंडात धरून गाणी म्हणते तेव्हा आवाज फार गमतीदार येतो, बाकी फरक नाही. लाल उजेड टाकायचंही एक यंत्र आहे, त्याचीही तीच गत. तिसरा प्रकार म्हणजे हिरडी बधिर करून दाताशेजारच्या हाडाला बारीक भोकं पाडायची. जखम भरायला शरीर तिथे धावतं, तेवढे दिवस हाड मऊ पडतं, आणि त्या गडबडीत दात पुढे ढकलून घ्यायचा. काहींना महिना-दीड महिना वेग येतो म्हणे, मग पुन्हा गोगलगाय. मॅडम ते करत नाहीत.

मी विचारलं, मग जरा जोराने ओढलं तर? मॅडम म्हणाल्या, सहा वर्षांत हेच शिकलीस का? दात ओढल्यामुळे सरकत नाही. हलका दाब पडला की पुढचं हाड हळूहळू विरघळतं, मागे नवं भरतं, आणि दात त्या वाटेने चालत जातो. जोर केला तर तिथलं रक्त थांबतं, हाड मरगळतं आणि दात अडून बसतो. वर मुळं झिजतात ते वेगळंच. म्हणजे जितकी घाई तितका उशीर. तुझ्यासाठीच बनवलंय हे शास्त्र.

तारा अर्धवट काढू म्हणशील तर तेही नको. दात परत आपल्या जुन्या जागी पळतात आणि तुझी ती समोरची फट पहिल्यापेक्षा मोठी होईल.

तरी एक गोष्ट आहे. तुझ्या मागच्या दाढांना हुक आहेत ना, त्यांना लावायच्या बारीक रबरांचं पाकीट सोबत पाठवतेय. मॅडमनी दिलंय. वरच्या सुळ्याजवळच्या हुकापासून खालच्या दाढेच्या हुकापर्यंत, एका बाजूला एक, दोन्ही बाजूंना. जेवताना काढायचं, मग नवं लावायचं. इमानदारीने लावलंस तर महिना-दोन महिने तरी वाचतील. फेब्रुवारीत सुट्टी काढून दाखवून जा.

तुझी
ताई

२ फेब्रुवारी

ताई,

पाकीट मिळालं. एवढीशी रबरं पाहून शेडमध्ये सगळे हसले. इथे आम्ही मनगटाएवढे दोर ओढतो आणि तू मला मुंगीच्या बांगड्या पाठवल्यास.

पण ऐक! समोरची फट मिटत आलीय. थट्टा नाही करत. आधी त्यात मी काडी घालून शिट्टी वाजवायचो, आता नख जात नाही. अकरा दिवसांत! मॅडमना सांग, तुमचे चौदा महिने तुम्हालाच लखलाभ. मला एक युक्ती सुचली, आपल्या धंद्यातलीच आहे, सविस्तर समोरासमोर सांगेन. उस्ताद म्हणतात तेच खरं, दोर असो की माणूस, कुठे पकडायचं ते कळलं पाहिजे.

सुट्टी मिळणार नाही. जहाजाचे दोर तयार व्हायचेत, आम्ही दोन पाळ्या करतोय. दुखतं का म्हणशील तर थोडं ठणकतं, पण सरकतंय म्हटल्यावर ठणकणारच.

आईला गुडघ्याचं तेल लावत जा.

भिंगरी

९ फेब्रुवारी

भिंगरी,

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मला वाटलं होतं तू पाकीट कुठेतरी भिरकावून देशील. तुझ्याकडून रोज नेमाने काही होईल यावर माझा विश्वास नव्हता, कान पकडते.

मॅडमना अजून काही बोलले नाही. तू आलास की एकदम समोर उभा करेन, त्यांनाही धक्का बसू दे.

फक्त एक विचारते. हुकाची रबरं वरचा जबडा नि खालचा जबडा जुळवायला असतात, समोरची फट त्यांनी एवढी पटकन मिटते असं मी तरी पाहिलेलं नाही. पण प्रत्येकाचं तोंड वेगळं. ती युक्ती कोणती ते मात्र लिही. पकडीने तारेला हात तर लावला नाहीस ना? तुझ्या हाताला पकड म्हणजे माकडाच्या हातात कोलीत.

आई विचारते, आवाज का नाही ऐकवत. मी सांगितलं, फोन बिघडलाय.

ताई

२४ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र एकटीने वाच. दाजींनाही नको.

आज सकाळी तोंड धुताना आरशात पाहिलं तर समोरचे दोन दात लांब झालेत. मला वाटलं झोपेत आहे. मग उस्तादांना विचारलं, माझ्या तोंडात काही वेगळं दिसतं का? ते म्हणाले, "सशाशी सोयरीक जुळली का रे?" सगळे हसले. मीही हसलो आणि हसताना खालच्या ओठाला दात आपटले. आधी कधी आपटत नव्हते.

आता सगळं सांगतो. जानेवारीतच दोरीची गाठ दातांनी सोडवताना समोरच्या दोन्ही दातांवरची तार धरणारी बटणं निखळली. तुला सांगितलं असतं तर तू बोलावून घेतलं असतंस नि सुट्टी मागितली की जहाज गेलंच. तिथली तार मोकळी पडून गालाला टोचायला लागली, ती पकडीने कापली. होय, पकडीने. मग तुझं पाकीट आलं. शेडमध्ये दोन दोरांची तोंडं जवळ आणायची तर आम्ही भोवती कडं चढवतो आणि ते आवळत नेतो. मी म्हटलं, दात काय आणि दोर काय. एक रबर घेतलं आणि समोरच्या दोन्ही दातांभोवती मिळून चढवलं. बस, एवढीच युक्ती. फट खरंच मिटली, ते खोटं नव्हतं.

पण रबर सकाळी नसायचं. झोपेत निसटलं असेल, गिळलं असेल, म्हणून नवं घालायचो. असं एक-दोनदा झालं. आता चार दिवसांपासून हिरडी जांभळी झालीय, फुगलीय. पाव चावला तर दोन्ही दात आत-बाहेर होतात. जिभेने ढकलले तर हलतात, ताई. मुळापासून हलतात. रात्री मी तोंड बंद करून, वरचा ओठ हाताने दाबून झोपतो. भीती वाटते की खोकला आला तर सकाळी उशीवर असतील.

रबर घालणं बंद केलंय, तरी थांबत नाही. आतून कोणीतरी ढकलतंय असं वाटतं. हे काय होतंय? मॅडमना विचार, पण माझं नाव घेऊ नकोस, दुसऱ्या कोणाचं म्हणून विचार.

भिंगरी

१ मार्च

भिंगरी,

कारकुनाकरवी निरोप पोचला असेल आणि तू डॉक्टरकडे जाऊन आला असशील असं धरून लिहिते. पोचला नसेल तर हे पत्र इथेच खाली ठेव, चपला घाल आणि नीघ. उरलेलं नंतर वाच.

तुझं नाव लपवणं मला जमलं नाही. मॅडमना पत्रच वाचून दाखवलं. "रबर सकाळी नसायचं" इथपर्यंत आले आणि त्यांच्या हातातला आरसा ट्रेमध्ये पडला. म्हणाल्या, "ते गिळलं नाहीये गं, ते आत आहे."

तुझा तो निमुळता लोखंडी सुळा आहे ना, दोराचे पीळ उघडायचा. त्याच्या जाड भागावर घट्ट कडं चढव आणि सोड. कुठे जाईल? टोकाकडे सरकत जाईल. दात दिसायला चौकोनी, पण हिरडीच्या आत तो त्या सुळ्यासारखाच वर निमुळता होत जातो. तुझं रबर निसटलं नाही. ते हिरडीखाली शिरलं आणि मुळावरून वर वर चढतंय. चढताना मुळाभोवतीचं सगळं कापत जातंय, आणि आवळून आवळून दाताला खाली बाहेर ढकलतंय. तू नवं घालणं बंद केलंस म्हणून जुनं थांबत नाही. म्हणून आतून कोणी ढकलतंय असं वाटतं. दातांना कीड नाही, मार लागलेला नाही, तरी असे दात पडलेले मॅडमनी शिकताना पाहिलेत. एक्सरेतही ते रबर दिसत नाही, म्हणून न सांगितलं तर डॉक्टरला कळतही नाही.

मी फोन केला तर तुझा कारकून म्हणतो, खाजगी निरोप घेत नाही. मी म्हटलं, माझ्या भावाचे दात पडले तर तुझे उपटून त्याला लावीन, लिहून घे. तेव्हा त्याने लिहून घेतलं.

आता माझं ऐक. ते पाकीट मॅडमनी दिलं नव्हतं. मी कपाटातून घेतलं. आमच्याकडे नियम आहे, तोंड पाहिल्याशिवाय कोणालाही रबर द्यायचं नाही, अगदी घरच्यालाही. मला तो तोंडपाठ आहे, नव्या मुलींना मीच शिकवते. तुझी फट मिटली म्हणालास तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली होती. तरी मॅडमना विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर पाकीट कुठून आलं ते सांगावं लागलं असतं. ते पंधरा दिवस मी घालवले, तू नाहीस. काल मॅडमना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

काय झालं ते ताबडतोब कळव.

ताई

६ मार्च

ताई,

निरोप पोचला. कारकुनाने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला, उपटण्यासकट. त्या दिवसापासून तो मला "बसा" म्हणतो.

त्याच दुपारी गेलो. बाजाराच्या मागे, जिना चढून, दोन खोल्यांचा दवाखाना. म्हातारा डॉक्टर आहे, हात थरथरत नाहीत, मी आधी तेच पाहिलं. रबराचं सांगितलं तर त्याने चष्मा काढून पुसला आणि विचारलं, किती होती?

बधिर करून हिरडी उघडली. दुखलं नाही, पण आवाज आला, ओलं कापड फाडल्यासारखा. आधी एक निघालं. मग बऱ्याच वेळाने दुसरं, तपकिरी झालेलं, केसाएवढं. त्याने कापसावर ठेवून दाखवलं. टाके घातले, दोन्ही दात शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधलेत. नुसतं पातळ खायचं. डॉक्टर म्हणाला, हाडाने नि हिरडीने मुळांना नव्याने धरलं तर धरलं.

दोन होती, दोन निघाली. आता तू रडत बसू नकोस. पाकीट तू पाठवलंस, पण दातात मी घातलं. २० एप्रिलच्या तपासणीला अजून दीड महिना आहे. तोवर टाके निघतील, ही बांधलेली तारही निघेल, बाकीच्या तारांचं तेव्हा बघू. उस्तादांनी माझं नाव अजून कापलेलं नाही.

भिंगरी

११ मार्च

भिंगरी,

पत्र वाचून देवापुढे हात जोडले. मग पुन्हा वाचलं आणि हात सुटले.

"दोन होती, दोन निघाली." तू असं आवरून-सावरून कधी लिहितोस? तुझं पत्र म्हणजे उपडी केलेली पेटी असते. एवढं नीटनेटकं वाक्य तू खोटं बोलतानाच करतोस. लहानपणी फुलदाणी फुटली तेव्हाही तू म्हणालास, "वारा आला, पडली." तेही असंच होतं.

मॅडम म्हणतात, सगळी रबरं निघाली असतील तर आठवड्याभरात हिरडीचा रंग परत यायला हवा, ठणका उतरायला हवा. उतरला का? आरशात बघ आणि जे दिसेल ते लिही. आणि रबरं किती घातली होतीस, ते मला सांगू नकोस हवं तर, पण त्या डॉक्टरला सांग. आकड्यावरच त्याने टाके घातलेत. दोन म्हणालास म्हणून तो दोनवर थांबला.

मी माझं सांगितलं. मॅडमनी मला काढलं नाही, पण कपाटाची किल्ली परत घेतली. सहा वर्षं ती माझ्या कमरेला होती. कमर रिकामी लागते, पण रात्री झोप लागते.

तू सांग. जहाज परत येतं. पक्के दात एकदाच येतात.

ताई

१७ मार्च

ताई,

ठणका उतरला नव्हता. तुझं पत्र आलं तेव्हा मी वरचा ओठ कोणाला दिसू नये म्हणून तोंडाला रुमाल बांधून काम करत होतो. उस्तादांना सांगितलं होतं, धुळीचा त्रास होतो.

जहाज हुकेल अशी भीती होती म्हणून दोन म्हणालो, असं लिहिणार होतो. पण ते पूर्ण खरं नाही. डॉक्टरने किती होती असं विचारलं ना, तेव्हा मला आकडाच माहीत नव्हता. सकाळी उठायचो, रबर नसायचं, नवं घालायचो. कोण मोजतंय? काही खरंच उशीवर सापडली होती, काही नाही. काही हुकांना लावली, काही पोरांनी पेनाला बांधायला नेली, त्यामुळे पाकिटातली उरलेली मोजूनही काही कळत नव्हतं. "माहीत नाही" म्हणायची मला लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली. आकडा सांगितला की गोष्ट तिथे संपते असं वाटलं.

परवा परत तो जिना चढलो. मधे दोनदा खाली उतरलो. डॉक्टरला म्हटलं, मी खोटं बोललो. तो म्हणाला, किती? मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, "हे आधी सांगितलं असतंस तर मी मोजत बसलो नसतो, शोधत बसलो असतो."

पुन्हा उघडलं. या वेळी बधिर करायची सुई नीट लागली नाही की काय कोण जाणे, मधे मधे कळत होतं. तिसरं उजव्या दाताच्या पार वर होतं, मुळाच्या टोकाशी. ते निघालं आणि मी उठायला गेलो. त्याने खांद्यावर हात ठेवून परत आडवं केलं. अर्धा तास अजून शोधलं. चौथं सापडलं नाही. आहे की नाही ते त्यालाही सांगता येत नाही. डावा दात बहुतेक धरेल म्हणाला. उजव्याचं सहा महिन्यांनी कळेल. तोवर तार काढायची नाही.

सहा महिने म्हटल्यावर २० एप्रिलचं तुला सांगायला नको. मीच उस्तादांकडे गेलो आणि नाव कापा म्हणालो. रुमाल काढून दाखवलं. त्यांनी थट्टा केली नाही. वहीत रेघ मारली आणि माझ्यापुढचा अर्धवट दोर स्वतः ओढून घेतला. आज जहाजावर बाकीचे दोर चढवले. मी खालून सोडत होतो.

दर सोमवारी दहा वाजता बोलावलंय. डॉक्टर चिमटीत दात धरून हलवून बघणार, जास्त हलतो की कमी. परवाही त्याने धरला तेव्हा मी डोळे मिटले आणि खुर्चीचा हात पकडला. बाहेर लाकडी बाक आहे, तिथे लोक आपापलं कोणीतरी घेऊन आलेले असतात. मी एकटाच असतो, म्हणून सारखा उठून खिडकीशी जातो, परत येतो, मग दवाखान्यातली बाई ओरडते.

मॅडमकडे सुट्टी मागता येण्यासारखी तुझी स्थिती नाही, मला कळतं. गाडीने पूर्ण एक दिवस लागतो. तरी विचारतो. एखाद्या सोमवारी येशील का? काही करायचं नाही. नुसतं बाकावर बसायचं. मला फार भीती वाटते, ताई.

भिंगरी